पावसाआधीचा तंबोरा

सप्ताहातल्या कीर्तनाला पोट्टे कुठं बसतात, हे कधी नीट पाहिलं आहे का? मृदंगाच्या अगदी कडेला. मृदंगाचार्यांचा गुडघा जिथे संपतो तिथून त्यांची रांग सुरू होते. बुवा अभंगाच्या चरणाचं निरूपण करू लागले की ही पोरं हळूहळू पेंगतात, एकमेकांवर कलंडतात, एखादं मागे सरकून आईच्या मांडीवर डोकं टेकतं. मग बुवा थांबतात, उपरण्याने कपाळ टिपतात, दृष्टान्ताकडे वळतात, आणि झोपलेली पोरं उठून बसतात. अनसिंगमध्ये लहानपणापासून मी हे बघत आलो आहे. त्या रांगेत मीही पेंगलो आहे. गोष्ट आली म्हणून मुलं जागी होतात, असं मला फार वर्षं वाटत होतं. पुढे बारकाईने पाहू लागलो तेव्हा लक्षात आलं की ती गोष्टीच्या किंचित आधी जागी होतात. बुवांनी पहिला शब्द काढण्याआधी मृदंगाचा हात हलका झालेला असतो, टाळ थांबलेले असतात, पेटीवर एकटा षड्ज उरलेला असतो. आता काहीतरी सांगितलं जाणार, ही वर्दी सुरांनी आधीच दिलेली असते.

ही पुस्तिका त्या अर्ध्या क्षणातून निघाली. हिच्यात एकच गोष्ट आहे, शृंगऋषींची. सहा ते बारा वर्षांच्या मुलांसमोर ती पाच माणसांनी मिळून सांगायची आहे: एक सांगणारा, एक गाणारा, एक बासरीवाला, एक तबलजी आणि एक पेटी वाजवणारा. तंबोरा गाणाऱ्याच्या हातात. मुलं साठाच्या वर नकोत. माइक नको. वेळ चाळीस मिनिटं. याला काय म्हणायचं ते मला ठरवता आलेलं नाही. हे कीर्तन नव्हे, कारण इथे निरूपण नाही आणि उपदेशही नाही. नाटक नव्हे, कारण कुणी कुणाचं सोंग घेत नाही. युरोपात मोजक्या वादकांनी दालनात बसून वाजवायच्या संगीताला चेंबर म्युझिक म्हणतात. आपल्याकडे त्याच जातीचा शब्द बैठक. बैठकीत गोष्ट आणून बसवली आहे, इतकंच म्हणतो.

हीच गोष्ट का, ते सांगायला हवं. वाशीमहून पुसदच्या रस्त्याने निघालं की अनसिंग लागतं. गावात शृंगऋषींचं देऊळ आहे आणि गावाच्या नावाचा धागा लोक या ऋषीच्या शिंगाशी जोडतात. देवळात जाऊन हात जोडणाऱ्या मुलांना विचारलं की हे ऋषी कोण, तर बहुतेकांना दशरथाच्या यज्ञापलीकडे सांगता येत नाही. पण यज्ञाच्या आधीची गोष्टच खरी मुलांची आहे. विभांडक ऋषींचा हा मुलगा हरिणीच्या पोटी जन्मला, कपाळावर शिंग घेऊन. रानात वाढला. बापाखेरीज दुसरं माणूस त्याने कधी पाहिलंच नाही. इकडे अंगदेशात पाऊस पडेना. या निर्मळ मुलाचे पाय राज्यात लागले तर पाऊस येईल, असं राजाला सांगण्यात आलं. मग त्याला आणायला गाणाऱ्या स्त्रिया निघाल्या. वाल्मीकींनी त्या आश्रमापाशी गोड गळ्याने गात आल्याचं सांगितलं आहे. महाभारताच्या वनपर्वात त्या नावेवर आश्रम उभारून येतात. मुलगा त्यांच्यामागे गेला. त्याने अंगदेशात पाऊल ठेवलं आणि पाऊस आला.

मूळ कथांत त्या गणिका आहेत. इथे मी त्यांना गायिका म्हटलं आहे. त्या गात होत्या, तेव्हा हे खोटं नाही, आणि लहानांसमोर एवढं पुरेसं आहे. त्यांनी त्या मुलाला फसवलं का, हा प्रश्न मात्र मुलं विचारतातच. त्याचं उत्तर पुस्तिकेत दिलेलं नाही. ते मुलांवर सोडावं.

जिथे मृग नक्षत्र कोरडं गेलं की सोयाबीनचं बियाणं हातात धरून माणसं आभाळाकडे बघतात, धोंडी निघते, लिंबाचा पाला बांधलेल्या पोराच्या डोक्यावर घराघरातून पाणी ओतलं जातं, त्या गावातल्या मुलांना ही गोष्ट परकी नाही. पावसाची वाट पाहणं त्यांना शिकवावं लागत नाही. मला तर वाटतं, या गोष्टीला अनसिंगहून चांगला श्रोता मिळणार नाही.

वाशीमचीही अशीच एक जुनी गोष्ट आहे आणि ती सांगण्याचा मोह आवरत नाही. वाशीम म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने हजारेक वर्षांपूर्वी ‘काव्यमीमांसा’ लिहिली. तीत सरस्वतीचा मुलगा, काव्यपुरुष, आई आपल्याला ब्रह्मदेवाच्या सभेला सोबत नेत नाही म्हणून रुसून घर सोडतो. त्याला वळवायला गौरी साहित्यविद्येला निर्माण करते. ती देशोदेशी त्याच्यामागे जाते, प्रत्येक ठिकाणी नवा वेश, नवं नृत्य, नवी बोली. तो थोडा थोडा वळत जातो, आणि पुरता वळतो तो विदर्भात. दोघांचं लग्न लागतं ते वत्सगुल्माला. रुसलेलं पोर समजावण्यावर इतका खोल विचार अलंकारशास्त्राच्या दुसऱ्या कुठल्या ग्रंथात केलेला मला आढळला नाही. एक मुलगा घर सोडून निघालेला, एक रानातून बाहेर न पडलेला. दोघांनाही हाक पोचली ती सुरातून, लयीतून. दोन्ही गोष्टी आमच्याच जिल्ह्याच्या मातीशी जोडलेल्या.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. गोष्ट आणि गाणं एकत्र आणायचं म्हटलं की बहुतेक वेळा दोनपैकी एक होतं. एक तर गोष्ट चालू असते आणि मागे काहीतरी वाजत असतं, लग्नाच्या पंगतीत वाजतं तसं. नाही तर गोष्ट पूर्ण सांगून होते आणि मग त्याच विषयावरचं एक गाणं म्हटलं जातं. दोन्हींत मुलं गाणं ऐकत नाहीत. पहिल्यात त्यांना ऐकावं लागत नाही, दुसऱ्यात काय होणार ते आधीच कळलेलं असतं. गोष्टीत अशी जागा हवी जिथे शब्दाने पुढे जाता येत नाही, आणि ती जागा गाण्याला मोकळी करून द्यायला हवी. गाण्याने तिथे जे घडवायचं ते घडवलं नाही, तर गोष्ट पुढे सरकता कामा नये. या पुस्तिकेत मला सांगायचं आहे ते इतकंच.

ही युक्ती माझी नाही, कीर्तनकारांची आहे. नारदीय कीर्तनाच्या उत्तररंगात आख्यान असतं, आणि आख्यान सांगताना बुवा सतत वाहन बदलत असतात. सरळ हकिकत ओवीत किंवा साकीत. करुण आलं की दिंडी. लढाई, वरात, गर्दी, स्वयंवराचा मांडव असं काही आलं की कटाव, ज्यात शब्द एकमेकांना ढकलत पळतात. अठराव्या शतकातल्या अमृतरायांचे कटाव यासाठीच प्रसिद्ध झाले, आणि मोरोपंतांच्या आर्या कीर्तनकारांनीच घरोघर नेल्या. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ उभं केलं तेव्हा साक्या आणि दिंड्या या वाटेनेच रंगभूमीवर आल्या. श्रोत्याला वृत्ताचं नाव ठाऊक नसतं. पण चाल बदलली की गोष्टीतलं हवामान बदललं, हे पाच वर्षांच्या पोरालाही कळतं.

कीर्तनकारांची आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. चांगला कीर्तनकार बोलतो तेही सुरात. गात नाही, बोलतोच. पण त्याचं बोलणं पेटीच्या षड्जावर टेकलेलं असतं, वाक्य संपतं ते सा वर किंवा पंचमावर. त्यामुळे बोलण्यातून गाण्यात जाताना उंबरठा लागत नाही. शाळेत गोष्ट सांगणाऱ्या शिक्षकाचा आवाज एका पट्टीत आणि गाणाऱ्याचा दुसऱ्याच पट्टीत असला, की मुलं प्रत्येक वेळी दचकतात. म्हणून सांगणाऱ्याने आधी तंबोऱ्याजवळ दहा मिनिटं नुसतं बोलून पाहावं. रोजचा पेपर वाचला तरी चालेल.

आणि गाडगेबाबा. आमच्याच वऱ्हाडातल्या शेणगावचे. त्यांच्या कीर्तनात श्रोता कधी गप्प बसलेला नसे. ते विचारत, लोक उत्तर देत, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे. या पुस्तिकेतले प्रश्न त्या पद्धतीने आले आहेत, एका बदलासह. प्रश्न विचारायचा आणि उत्तर लगेच घ्यायचं नाही. मध्ये आठ आवर्तनं वाजू द्यायची. उत्तर तोंडात धरून बसलेलं पोर जितकं कान देऊन ऐकतं, तितकं दुसरं कुणी ऐकत नाही.

मुलांसाठी गोष्ट आणि वाद्यं यांचा विचार परदेशात निघाला की प्रोकोफिएव्हच्या ‘पीटर अँड द वुल्फ’चं नाव आधी येतं. मॉस्कोत २ मे १९३६ रोजी ते पहिल्यांदा वाजलं. त्यात पक्षी म्हणजे बासरी, बदक म्हणजे सनईच्या कुळातलं ओबो, मांजर म्हणजे क्लॅरिनेट, आजोबा म्हणजे बसून नावाचं वाद्य, आणि लांडगा म्हणजे तीन हॉर्न. जगभरची मुलं त्यातून वाद्यं ओळखायला शिकली. ते मोठं काम आहे. पण त्याला मोठा वाद्यवृंद लागतो, आणि अनसिंगला वाद्यवृंद येणार नाही.

मला जवळचं वाटतं ते स्ट्राविन्स्कीचं शिपायाच्या गोष्टीवरचं काम. पहिल्या महायुद्धात तो स्वित्झर्लंडमध्ये अडकला होता, पैसे नव्हते. रामूझ नावाच्या लेखकाबरोबर त्याने गावोगाव नेता येईल असा खेळ ठरवला: सात वादक, गोष्ट वाचणारा आणि दोन-तीन माणसं. २८ सप्टेंबर १९१८ ला लोझान शहरात पहिला प्रयोग झाला, आणि पुढचा दौरा इन्फ्लुएंझाच्या साथीने बंद पडला. तीच साथ त्या साली आपल्याकडेही लाखो माणसं घेऊन गेली. बैलगाडीत मावेल एवढं संगीत, गावात जाऊन सांगता येईल अशी गोष्ट, हा विचार त्या साथीत बुडाला नाही याचं मला बरं वाटतं. आणि फ्रान्सचा पुलांक: १९४० च्या उन्हाळ्यात नातेवाइकांच्या घरी तो पियानो वाजवत बसला होता. एका लहान मुलीने बाबर हत्तीच्या गोष्टीचं पुस्तक त्याच्यापुढे ठेवलं आणि हे वाजव म्हणून सांगितलं. त्याने वाजवलं, आणि पुढे ती एक पूर्ण रचना झाली. मागणी मुलांकडून आली होती, हे त्यातलं मला महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे तर गोष्ट गाऊन सांगणारे पहिले कलावंतच मुलं आहेत. कुश आणि लव. वाल्मीकींनी त्यांना रामायण शिकवलं ते वीणेवर, लयीत गाण्यासाठी, आणि त्यांनी ते बापासमोरच गायलं. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झालं, तेव्हा गदिमा आणि सुधीर फडक्यांनी सुरुवात कुशलवांपासूनच केली. वर्षाहून थोडा जास्त काळ दर आठवड्याला एक, अशी छप्पन्न गीतं. शास्त्रीय रागांवर उभी, आणि तरी रेडिओभोवती बसलेल्या लहान मुलांनाही पाठ झालेली. म्हणजे राग मुलांना जड जातो, हे म्हणणं आमच्या आजीच्या पिढीनेच खोटं ठरवलं आहे.

विदर्भाकडे पाहिलं तर नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर. रंजन कला मंदिरात त्यांनी मुलांसाठी कितीतरी नाटकं लिहिली आणि बसवली. आणि १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ लिहिलं ते त्याच मास्तरांनी. दोन घराण्यांच्या गायकीवरची गोष्ट, जितेंद्र अभिषेकींचं संगीत, आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे, जे अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूरला जन्मले. मला नेहमी वाटत आलं आहे की इतक्या अवघड संगीताची गोष्ट इतकी सोपी सांगता आली, ती मुलांसाठी लिहिण्याच्या सवयीमुळे. मुंबईत सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये ‘लिटल थिएटर’ काढून मराठी बालरंगभूमीला वळण दिलं. मात्र बालनाट्यात गाणं आलं ते बहुतेक नाचता येईल असं आलं. बैठकीचं गाणं मोठ्यांच्या दालनातच राहिलं. किरण सेठ यांनी १९७७ साली दिल्लीत ‘स्पिक मॅके’ सुरू करून मोठमोठ्या कलावंतांना शाळा-कॉलेजांत नेलं, हे उपकार विसरण्यासारखे नाहीत. पण तिथेही मैफल मैफलीसारखीच होते. गोष्टीचा हात धरून ती क्वचितच आली.

त्याचा परिणाम मी एकदा जवळून पाहिला. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शाळेत शास्त्रीय गायनाचा कार्यक्रम ठरला, आणि ठरवणाऱ्यांत मी होतो. गायक गुणी होते. त्यांनी मनापासून विलंबित ख्याल सुरू केला. चारशे मुलं, पत्र्याचा मंडप, कर्णे. दहा मिनिटांत मागच्या रांगा उठल्या, वीस मिनिटांत शिक्षक छड्या घेऊन उभे राहिले. गायकांनी डोळे मिटले आणि शेवटपर्यंत उघडले नाहीत. त्या दिवशी मुलांना गाणं आवडलं नाही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मला ते पटलं नाही. चारशेंपैकी पहिल्या रांगेतली पाच-सहा मुलं शेवटपर्यंत हलली नव्हती. ती तबल्याजवळ बसली होती. बोटं दिसत होती, शाई दिसत होती, गायकाच्या मानेची शीर दिसत होती. तेव्हापासून संख्येचा मोह मी सोडला. साठ मुलं, आणि प्रत्येकाला हात दिसला पाहिजे.

आता या गोष्टीची बांधणी. इथे थोडं तांत्रिक लिहितो, कारण सगळा जीव यात आहे.

दुष्काळाचा भाग मध्यमाद सारंगात आहे. दुपारचा राग, सा रे म प आणि कोमल नी, एवढेच पाच स्वर. गंधार नाही, धैवत नाही. पाऊस आहे मेघ रागात. आणि मेघाचे स्वर कोणते? तेच पाच. सा रे म प, कोमल नी. एकही नवा स्वर येत नाही. फरक पडतो तो चालण्यात. सारंगात ऋषभ उघडा, उन्हात उभा असल्यासारखा ठेवला जातो. मेघात तोच ऋषभ मध्यमाचा कण घेऊन झुलतो, मध्यमावरून त्याच्यावर मींड उतरते, मंद्रात गमक घुमते. आभाळ तेच असतं, ढग भरून येतात तेव्हा ते जड होतं. पाच स्वरांवरचं हे आभाळ मुलांना सांगायला मला दुसरा उपाय सापडला नाही, आणि लागलाही नाही.

त्यात पेटीचा गुण आणि दोष दोन्ही कामाला आले. पेटीवर मींड निघत नाही. एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर उडी मारावी लागते. म्हणून दुष्काळ पेटीवर ठेवला: कोरडे, सुटे स्वर, एकेक ढेकूळ वेगळं. पाऊस पेटीला जमत नाही. तो गळ्याला आणि बासरीला जमतो. दुष्काळभर पेटी वाजवलेल्या माणसाने पाऊस आला की हात मांडीवर ठेवून ऐकत बसायचं आहे. हे त्याला आवडेल की नाही, मला सांगता येत नाही. पण मुलं त्याच्याकडे बघतात.

सगळ्यात महत्त्वाचं गळ्याबद्दल. त्या मुलाने बापाखेरीज माणसाचा आवाज ऐकलेला नाही. म्हणून गोष्टीच्या पहिल्या वीस मिनिटांत कुणीही गायचं नाही. सांगणारा बोलेल, तंबोरा रानासारखा घुमेल, बासरीतून पक्षी येतील, पेटीवर ऊन पडेल. गाणारा मुलांच्या पुढे नाही, मुलांच्या मागे, शेवटच्या रांगेपाठी तंबोरा घेऊन बसलेला असेल. नाव काठाला लागते तेव्हा त्याने मागून एकच षड्ज लावायचा, आणि मग मध्यमावरून ऋषभावर उतरणारी ती मींड, जी पेटीला वीस मिनिटं जमली नव्हती. साठ माना एकदम मागे वळतात. शृंगऋषींची मान अशीच वळली असेल. मुलं तो आवाज त्याच्या कानांनी ऐकतात. पावसाची बी तिथेच पेरली गेलेली असते, पाऊस अजून दूर असतो.

नंतर मुलगा बापाला काय पाहिलं ते सांगतो. महाभारतातला हा भाग मला फार प्रिय आहे. त्याने चेंडू पाहिला आहे, पण चेंडू हा शब्द त्याच्याकडे नाही. जमिनीवर आपटून पुन्हा वर उडणारं काहीतरी गोल, असं तो सांगू पाहतो. आवाजाला तो कोकिळाची उपमा देतो, कारण दुसरी त्याच्याकडे नाही. इथे सांगणाऱ्याने अडखळायचं आणि बासरीने पुढचं सांगायचं. नाव नसलेली वस्तू सुरात सांगता येते, हे मुलांना इथे आपोआप कळतं. त्यांच्याकडूनही अशा वस्तू मागाव्यात. त्या पुस्तिकेत लिहून ठेवलेल्या नाहीत.

तबला तोपर्यंत कापडाखाली. मुलगा अंगदेशात पाऊल टाकतो तेव्हा चाटेवर एकच ना. मग शांतता. मग दुसरा, लांब अंतरावर. पहिले टपोरे थेंब असेच पडतात. डग्ग्यावर मेघगर्जना हळू, तळव्याने घासलेली. मग तिरकिट, मग रेला, आणि मेघातली द्रुत बंदिश. बंदिश पुस्तिकेत दिलेली नाही. ज्याच्या त्याच्या गुरूने दिलेली घ्यावी. उसनी बंदिश मुलांना लगेच ओळखू येते. रेला वाजवण्याआधी तबलजीने तो तोंडाने म्हणून दाखवावा. आपल्या वाद्यांना बोलता येतं, आणि त्याचं मुलांना वाटणारं नवल अजून कमी झालेलं नाही.

शेवटी एक भेट म्हणून तेराव्या शतकातला एक मेळ घेतला आहे. देवगिरीला सिंघण यादवाच्या दरबारात शार्ङ्गदेवांनी ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात प्रत्येक स्वराचा एक प्राणी आहे: षड्ज मोराचा, ऋषभ चातकाचा, गंधार बोकडाचा, मध्यम क्रौंचाचा, पंचम कोकिळेचा, धैवत बेडकाचा आणि निषाद हत्तीचा. त्यांच्या काळातले स्वर आजच्या जागी नव्हते, म्हणून हे शास्त्र म्हणून मांडत नाही, गोष्ट म्हणून मांडतो. पण पाहा: दुष्काळात आणि पावसातही ज्या ऋषभावर सगळं उभं आहे, तो चातकाचा. पावसाची वाट पाहणारा पक्षी. आणि मेघात धैवत नाही, म्हणजे बेडूक नाही. पाऊस पडून गेला, पाणी साचलं, आता मुलांना विचारायचं की अजून कोण आलं नाही. मग गाणाऱ्याने गौड मल्हारात शिरायचं, जिथे धैवत आहे. बेडूक येतो. गोष्ट तिथे संपते, आणि बहुतेक वेळा मुलं धैवत घरी घेऊन जातात.

यावर एक आक्षेप आला आहे आणि तो खरा आहे. एका जाणकार गायकांनी सांगितलं की असं केलं तर मुलं आयुष्यभर मेघ ऐकताना बेडूक शोधतील. राग चित्राला बांधला जाईल. मी यावर खूप विचार केला. मला वाटतं, ते बंधन दोन-तीन वर्षांत सुटतं. ज्याला गाणं लागलं त्याला बेडूक पुरत नाही. ज्याला लागलं नाही, त्याच्याकडे निदान एक बेडूक राहतो. राग ऐकूच न आलेल्या मुलापेक्षा मला तो मुलगा बरा वाटतो. तरी आक्षेप इथे नोंदवला आहे, म्हणजे करणाऱ्यांनी सावध राहावं.

माणसं कुठून आणायची, असं विचारलं जाईल. आपल्या गावांत ती आहेत. प्रत्येक भजनी मंडळात एक पेटीवाला असतो ज्याला भजनापलीकडचं थोडं येतं आणि कुणी विचारत नाही. काकड्याला पहाटे मृदंग वाजवणारा हात तबल्यावरही बसतो. बासरी गुराख्यांनी सोडली असली तरी पुरती गेलेली नाही. गाणारा तालुक्याहून किंवा जिल्ह्याहून आणावा लागेल, आणि त्याला बिदागी द्यावी लागेल, ती द्यावी. सांगणारा शाळेतच असतो. वऱ्हाडीत सांगितलं तर उत्तम. राजा नागरी बोलला आणि त्या रानातल्या मुलाने काहून असं विचारलं, तर आमच्या पोरांना तो आपला वाटतो.

अवघड आहे तो तंबोरा. अनसिंगसारख्या गावात तो सहज मिळत नाही, आणि डब्यात बसवलेला विजेचा तंबोरा किंवा मोबाइलवरचा सूर सगळ्यांकडे आहे. वेळ पडली तर तो वापरा, माझी हरकत नाही. पण जमेल तिथे भोपळ्याचा, तारांचा खरा तंबोरा आणा. आणि पडद्यामागे लावून आणू नका. मुलं येऊन बसल्यावर, त्यांच्या डोळ्यांसमोर, खुंट्या पिळत, जवारीतला दोरा सरकवत, मणी खालीवर करत लावा. पाच मिनिटं लागोत की दहा. मुलांपैकी एखाद्याला तार छेडू द्या, बेसूर आणि सुरेल यातला फरक त्याला स्वतःच्या बोटाखाली कळू द्या. पोरं गप्प होतील, कुणी गप्प करायची गरज पडणार नाही. तंबोरा जुळेपर्यंत गोष्टीचा पहिला शब्द काढू नका.